दाराच्या जागी रूपला

शाळेचं दार गेल्याचं देवमन गुरुजींच्या लक्षात आलं, तेव्हा ते कुलूप उघडून आत गेलेले होते.

सोमवारची सकाळ होती. गुरुजी शनिवारी दुपारी बहिणीकडे मेडशीला गेले होते. सकाळच्या एस.टी.ने मानोऱ्याला उतरले आणि तिथून पायी शाळेवर आले. सवयीने खिशातून किल्ली काढली, चौकटीला लोंबणारं कुलूप उघडलं, कडी काढली, आत जाऊन फळ्यावर तारीख लिहिली. आज वर्गात उजेड जास्त का आहे, म्हणून मग मागे वळून पाहिलं. चौकट होती. कडी होती. कुलूप तर त्यांच्या हातातच होतं. दार नव्हतं.

ते काही साधं दार नव्हतं. जुन्या सागाचं, चार माणसांनी उचलावं असं. गुरुजींची बायको विमलबाई दर पोळ्याला त्याला जवसाचं तेल लावायची. "बैलाले अंघोळ, दाराले तेल," असं म्हणायची. मागच्या पौषात ती तापाने गेली. तेव्हापासून दाराला तेल लागलं नव्हतं, आणि आता दारच नव्हतं.

मुलं आली. एका रांगेत चौकटीतून आत शिरली आणि जागेवर बसली. दार नाही याचं एकालाही आश्चर्य वाटलं नाही. गुरुजींनी हे बरोबर हेरलं.

"दार कुठं आहे?"

सगळी मुलं आपापल्या पायांकडे पाहू लागली.

"रामकिसन, उभा राहा. दार कुठं आहे?"

रामकिसन हा वर्गातला सगळ्यात वांड मुलगा. तो म्हणाला, "गुर्जी, दार हाय."

"कुठं आहे?"

"जिथं हाय तिथं हाय."

शेजारच्या रुख्मीने त्याला कोपर मारलं आणि तो खाली बसला. गुरुजींनी ओळखलं की दार तांड्यात गेलं आहे आणि ते सगळ्या तांड्याला माहीत आहे. फक्त गुरुजींना माहीत नाही.

शाळा नाल्याच्या अलीकडे होती आणि बाबूसिंग नायकाचा तांडा पलीकडे. गुरुजी शाळेमागच्या खोलीत राहत. सात-आठ वर्षांत ते तांड्यात क्वचितच गेले होते. शिक्षकाने शाळेत असावं, पालकांनी घरी असावं आणि मुलांनी दोन्हींच्या मध्ये जावं-यावं, असं त्यांचं मत होतं. इतकी वर्षं पालकांची एकही तक्रार आली नव्हती. याचा अर्थ शाळा उत्तम चालली आहे, असा त्यांनी लावला होता. संक्रांतीनंतर मात्र पट उतरत गेला. ते का, हे त्यांना कळलं नव्हतं.

आणि शुक्रवारी शेषराव साहेब येणार होते. साहेब म्हणजे शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. मागच्या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "गुरुजी, पट कमी, आणि पालक तर एक दिसत नाही. पुढच्या वेळी हेच दिसलं, तर ही शाळा बंद करून मुलं पलीकडच्या मोठ्या गावाला जोडतो. पालक सभा घ्या. गोड बोला. सुरुवातीलाच माफी मागून टाका, माणसं मोकळी होतात."

मोठं गाव लांब होतं आणि वाटेत असले दोन नाले. तांड्यातल्या पोरी तिथे जाणार नाहीत, हे गुरुजींना माहीत होतं. त्यांची स्वतःची बदली मेडशीजवळ झाली असती. बहीणही तेच म्हणत होती. पण या शाळेची जमीन विमलबाईच्या हाताने सारवलेली होती. ती जमीन कुलूप लावून सोडून जायची, हे त्यांना जमणार नव्हतं. त्यातून आता कुलूप लावायला दारही नव्हतं.

दुपारी बाबूसिंग नायक मानोऱ्याच्या बाजाराला जाताना शाळेवरून निघाला. चौकटीसमोर थांबला, आत पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "आता हवा चांगली येत असंन, गुर्जी."

गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी ती चोरी, वर हवेची चौकशी! पण साहेबांनी गोड बोलायला सांगितलं होतं.

"नायक, उद्या दुपारी सगळ्या पालकांना जमवा. मला बोलायचं आहे."

"कायच्याबद्दल जी?"

"ते तिथंच सांगीन. सगळ्यांसमोर."

नायकाचा चेहरा एकदम गंभीर झाला. "सगळ्यायसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बरं. जमवतो," नायक म्हणाला आणि बाजाराला न जाता परत फिरला.

इथे गुरुजींची पहिली चूक झाली. त्या तांड्यात लग्नाला लोक जमत, तीजेला जमत, होळीला जमत. पण सण नाही, लग्न नाही आणि नायकाने सगळ्यांना बोलावलं, तर त्याचा एकच अर्थ होता. नसाब बसणार. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिथे कोणीतरी गुन्हेगार असतो, त्याचा गुन्हा ठरतो, दंड ठरतो, निकाल मान्य म्हणून सगळ्यांना गूळ वाटला जातो, आणि त्याशिवाय कोणी उठत नाही. संध्याकाळपर्यंत घराघरांत एकच बोलणं होतं. गुरुजींनी नसाब बोलावली आहे, पण गुन्हेगार कोण?

मंगळवारी दुपारी रामकिसनचा बाप रूपला गुरुजींना न्यायला आला. दोघे नाल्यावर आले. नाल्याला गुडघ्याच्या वर गढूळ पाणी होतं. पूर्वी तिथे एक शिंदीचं खोड आडवं टाकलेलं असायचं. आता त्या जागी रुंद, जाड फळी होती. मुलांच्या पायांनी तिच्यावर चिखलाचा थर बसला होता. गुरुजी जपून फळीवर चढले.

"खोड कुठं गेलं?"

"शनवारच्या पान्यात वाहून गेलं जी."

"ही फळी बरी टाकली. चांगली जड आहे."

"साग हाय ना. जुना साग. तेल पेलेला हाय, पानी लागू देत नाही."

"कोणी टाकली?"

"आमीच, चार जनायनं. पन उपकार तुमचे," रूपला म्हणाला.

लोक काय वाटेल त्याचे उपकार मानतात, असं मनात म्हणत गुरुजी फळीच्या मधोमध थांबले आणि तिच्यावर पाय आपटून पाहिला. "अशी वस्तू सांभाळून ठेवावी," ते म्हणाले. मनात त्यांच्या दाराचा विचार चालला होता.

नायकाच्या घरासमोर लिंबाखाली सगळा तांडा बसला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, मध्ये घोंगडीवर बाबूसिंग नायक आणि त्याचा कारभारी रामधन. एवढे पालक एका जागी पाहून गुरुजींना भरून आलं. सभा यशस्वी झाली असं त्यांना वाटलं. ते उभे राहिले. आधी गोड बोलायचं, मग हळूच दाराकडे वळायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नायक, कारभारी आणि सर्व बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "सगळ्यात आधी, आजवर माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मी हात जोडून तुमची माफी मागतो."

 रामधन कारभाऱ्याने मान वर केली.

"आयकलं ना सगळ्यायनं?"

"आयकलं," माणसं म्हणाली.

"बायायनं आयकलं?"

"आयकलं जी."

"मंग गुर्जी कबूल झाले," रामधन म्हणाला.

बाबूसिंग नायकाने कौतुकाने मान हलवली. "मानूस असावं तं असं. आमच्यातला मानूस दिवस मावळला तरी कबूल होत नाही. हे तोंड उघडल्याबरोबर झाले. बसा, गुर्जी."

"पण मी कशाला कबूल झालो?" गुरुजींनी विचारलं.

"तेच आता पाहाचं हाय," रामधन म्हणाला.

गुरुजींनी परोपरीने सांगितलं की ही बोलायची पद्धत आहे, सभेत सगळेच असं म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. रामधनला हे पटलं नाही. "हात जोडाचे आन त्याले अर्थ नाही? असं खोटं तुमी बोलनार नाही, गुर्जी. तुमी शिकलेले मानूस हा." मग त्याने लोकांकडे वळून विचारलं, "बोला, गुर्जीचा गुन्हा काय?"

पहिल्यांदा कोणी बोलेना. गुरुजींना जरा धीर आला. मग रूपला उठला.

"मी बोलतो. गुर्जी, सालभरात तुमी मले शाळेत किती डाव बोलावलं?"

"दोन-चारदा बोलावलं असेल."

"आन दरवेळेस काय सांगतलं? रामकिसननं दगड मारला. रामकिसननं शाई सांडली. रामकिसननं पोरीच्या वेनीले बेडूक बांदला. मी म्हंतो, पोट्टं मायं वांड हाय, कबूल. पन सालभरात त्यानं एखांदं तरी बरं काम केलं असंन ना? त्याच्यासाठी कधी बोलावलं?"

"हाव! हे बरोबर हाय!" चार माणसं एकदम म्हणाली.

"शाळेतून बलावनं आलं का मायी बायको रडाले लागते," रूपलाला आता जोर चढला. "कोनी मेल्याचा सांगावा आल्यावानी."

तो बसला तशी कमलीबाई उठली. कमलीबाई रुख्मीची आई. हातभर बांगड्या, आवाज खणखणीत.

"मायी रुख्मी रोज उशिरा येते म्हनून तुमी तिले उभं करता का नाही?"

"शाळेची वेळ म्हणजे वेळ, बाई."

"आन शेळ्याची येळ म्हंजे येळ नाही? सकायी शेळ्या सोडून, त्याइले गुराख्याच्या हवाली करून, मंग पोरगी पळत येते. अर्द्या घंट्यानं शाळा भरवली तं सगळ्या पोरी येतात. संक्रांतीपर्यंत येतच होत्या ना?"

"मग हे मला सांगायचं नाही का?" गुरुजी म्हणाले. "मी काय वाघ आहे? इतक्या वर्षांत एकानेही तक्रार केली नाही!"

"केली नाही?" कमलीबाईने कमरेवर हात ठेवले. "दर आठवड्याले करत होतो! तुमाले नाही, तुमच्या बाईले. बाई रोज सांच्याले इथं येत, नायकाच्या गोमतीबाईपाशी काच-टिकल्याचं भरनं शिकाले. आमी बाईले सांगो, बाई तुमाले सांगे. शाळा उशिरा भरवाची, ते बाईनंच केलं ना?"

 गुरुजींना आठवलं. एका रात्री भाकरी वाढताना विमलबाई म्हणाली होती, "सकाळी सकाळी घंटा वाजवता, माहं डोस्कं उठते. अर्दा घंटा उशिरा वाजवा ना." तिचं डोकं दुखतं म्हणून त्यांनी शाळेची वेळ बदलली होती. ती गेल्यावर डोकं दुखणारं कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी वेळ पुन्हा सरकारी केली होती.

मग एकेक आठवू लागलं. "मले मटक्याचं पानी थंड लागते, शाळेतही एक मटका ठेवा." "मले छडीचा आवाज आयकला का धडधडते, जरा बेतानं मारा." ते तिला नाजूक समजत होते. बहिणीलाही म्हणाले होते, "विमल फार नाजूक आहे." आणि ती तर सगळ्या तांड्याची गाऱ्हाणी पदराखाली घालून घरी आणत होती आणि आपली म्हणून सांगत होती.

"गुर्जी, पानी घ्या," नायकाची बायको गोमतीबाई तांब्या घेऊन आली. गुरुजी पाणी प्याले.  लिंबावर एक होला घुमत होता.

रामधनने गुरुजींचं पाणी पिऊन होऊ दिलं. मग हळू म्हणाला, "गुन्हा सापडला. बाई गेल्यावर गुर्जी तांड्यात आले नाही. हाच गुन्हा."

"कबूल," गुरुजी म्हणाले. या वेळी त्याला अर्थ होता.

पण बसता बसता त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं आणि ते पुन्हा उभे राहिले. "माझा गुन्हा मी कबूल केला. आता तुमचा सांगतो. शाळेचं दार चोरीला गेलं आहे, आणि ते या तांड्यात आहे!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. नायक म्हणाला, "चोरीले? रामधन, तू गुर्जीले सांगतलं नाही?"

"मी? रूपला सांगनार होता."

"मी इतवारी गेलतो सांगाले," रूपला म्हणाला, "तं गुर्जी मेडशीले. सोमवारी गेलो तं खिडकीतून गुर्जीचं तोंड पाह्यलं आन मांगच्या मांग फिरलो. म्हनलं कारभारी सांगतीन. आज रस्त्यानं तुमी काई इचारलं नाही. उलट फळीची तारीफ केली. मले वाटलं तुमाले समजलं."

"फळीचा काय संबंध?"

बाबूसिंग नायकाने घसा साफ केला. "गुर्जी, तुमी नाला कायच्यावरून पार केला?"

"फळीवरून."

"त्या फळीले बिजागऱ्या हायत, ते पाह्यलं का?"

गुरुजींनी नाल्याकडे वळून पाहिलं. सगळ्यात आधी बायांकडून एक दबलेलं हसू आलं, मग सगळं लिंबाचं झाड हसलं. कमलीबाई तर जमिनीवर हात आपटत हसत होती. "दारावरून चालत आले आन इचारतात, दार कुठी हाय!"

खोड वाहून गेलं तेव्हा मुलांनी नाला पार कसा करायचा, असा प्रश्न होता. नाल्यावर पुरेल एवढी लांब आणि जड लाकडी वस्तू पंचक्रोशीत एकच होती. ती शाळेची होती, आणि मुलंही शाळेचीच होती. तेव्हा तांड्याने असा हिशेब लावला की दार नसलं तरी शाळा भरते, पण मुलं नसली तर दार लावून काय करायचं? गुरुजींना या हिशेबात चूक सापडेना.

निकाल लागला. न विचारता दार नेलं, हा तांड्याचा गुन्हा. दंड असा की पावसाळाभर दार नाल्यावर राहील, आणि तोवर रोज तांड्यातलं एक माणूस शाळेच्या चौकटीत दाराच्या जागी बसेल. कुत्री, शेळ्या आणि वाराधूळ त्याने अडवायची. गुरुजींचा दंड असा की त्यांनी रोज संध्याकाळी एका घरी जेवायला जायचं, आणि त्या घरच्या लेकराची एक तरी चांगली गोष्ट सांगायची.

"आन चुगली?" रूपलाने विचारलं.

"चुगली जेवन झाल्यावर," नायक म्हणाला. गूळ वाटला गेला.

बुधवारी पहिली पाळी रूपलाची आली. तो फेटा बांधून सकाळीच चौकटीत येऊन बसला. गुरुजींना त्या दिवशी वेगळीच चिंता होती. संध्याकाळी जेवण रूपलाकडेच होतं, आणि रामकिसनची चांगली गोष्ट सापडत नव्हती. दिवसभर त्यांनी त्या मुलावरची नजर हलवली नाही. मुलगा एवढ्या निरखण्याने घाबरून गेला. दुपारी त्याने बाकीच्यांच्या पाट्या लपवल्या आणि शिक्षा म्हणून एका पायावर उभा राहिला. आणि तिथे उभ्या उभ्या, वर्ग बाराच्या पाढ्यावर अडला असताना, त्याने तो पाढा घडाघडा म्हणून टाकला.

रात्रीच्या भाकरीबरोबर गुरुजींनी विजयी चेहऱ्याने सांगितलं, "रूपला, तुझ्या पोराला बाराचा पाढा येतो."

"आमच्या घरी तं येत नाही."

"एका पायावर उभा राहा रे."

रामकिसन उभा राहिला आणि पाढा आला. पाय खाली टेकवला की पाढा जायचा. दोन वर्षांच्या शिक्षेत त्याचं सगळं गणित त्या एका पायात जाऊन बसलं होतं. रूपलाची बायको पदराने डोळे पुसत हसली. शाळेबद्दल काही ऐकून ती पहिल्यांदाच हसत होती. आणि चुगली सांगायची राहूनच गेली.

रूपलाला दार होणं फार आवडलं. गुरुवारी दुसऱ्याची पाळी होती, ती त्याने मागून घेतली. शुक्रवारीही तोच बसला. शाळा आता अर्धा तास उशिरा भरत होती आणि वर्गात पोरींची रांग खिडकीपर्यंत गेली होती.

शुक्रवारी शेषराव साहेब आले. पायात बूट, काखेत कातडी पिशवी.

"कोन जी?" चौकटीतून रूपलाने विचारलं.

"मी विस्तार अधिकारी. आत जाऊ द्या."

"थांबा. पाढे चालू हायत. मधातच दार उघडलं तं लेकरायचं ध्यान जाते."

"कुठलं दार?"

"मी."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, चौकटीला लटकलेल्या कडी-कुलपाकडे पाहिलं. पाढा संपला. रूपलाने गुडघे एका बाजूला घेतले. "या." साहेब आत गेल्यावर त्याने गुडघे परत सरळ केले आणि गुरुजींना सांगितलं, "लावलं."

"हे काय चाललंय, गुरुजी?" साहेब म्हणाले. "आणि दार नाही तर कुलूप कशाला?"

"साहेब, कुलूप सरकारी आहे. संध्याकाळी लावतो, सकाळी काढतो. दार नसलं तर लावू नये, असा नियम माझ्या वाचनात नाही."

साहेब चिडले. पण चिडता चिडता त्यांची नजर वर्गावर गेली आणि ते मुलं मोजू लागले. नाले भरलेले असताना त्या आठवड्यात त्यांनी पाहिलेल्या शाळांत गुरुजी आणि खडू एवढंच हजर होतं. इथे बसायला जागा नव्हती.

"ही सगळी नाला ओलांडून आली? कशावरून?"

"दारावरून," वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांना ते पाहायचं होतं, आणि पालकांनाही भेटायचं होतं. गुरुजी त्यांना घेऊन निघाले. दाराच्या मधोमध साहेबांचा बूट घसरला आणि ते चिखलात बसले. बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही बाजूंना हात टेकून दार चाचपलं. "मजबूत आहे," ते म्हणाले. कमलीबाईने हाताला धरून त्यांना पलीकडे ओढलं.

लिंबाखाली तांडा जमला. गोमतीबाईने पाहुण्यांना गूळ-पाणी दिलं. साहेब थकलेले होते, त्यांनी गुळाचा खडा लगेच तोंडात टाकला. मग ते बोलायला उठले.

गुरुजी त्यांच्या कानाशी लागले. "साहेब, माफीचं तेवढं बोलू नका."

"गुरुजी, शिष्टाचार असतो," साहेब कुजबुजले, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बंधू-भगिनींनो, सर्वप्रथम, आमच्या खात्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, तर मी आपली मनापासून माफी मागतो."

"आयकलं ना सगळ्यायनं?" रामधनने विचारलं.

"आयकलं!"

"साहेब कबूल झाले."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. गुन्हा शोधायला वेळ लागला नाही. साहेबांच्या धोतरावरचा चिखल सगळ्यांच्या समोर होता. कमलीबाई म्हणाली, "लेकरं दारावरून येतात, काहून? नाल्यावर रपटा नाही म्हनून. हा साहेबाचा गुन्हा."

"अहो, पूल-रपटा माझं खातं नाही! ते बांधकामवाल्यांचं!"

"गुर्जी बी पयले असंच म्हनले होते," नायक समजुतीने म्हणाला. "दंड येवढाच, साहेब. नाल्यावर रपटा."

"हे मला मान्य नाही."

"मान्य नाही कसं? गूळ तं खाल्ला ना तुमी."

साहेबांनी जीभ तोंडात फिरवून पाहिली. गूळ खरोखरच संपला होता. ते गुरुजींकडे पाहत राहिले, मग हसू लागले आणि हसता हसता घोंगडीवर बसले. जाताना त्यांनी शाळेच्या भेटीच्या वहीत लिहिलं, "पालकांचा सहभाग उत्तम. दार वापरात आहे." शाळा बंद करायचा विषय त्यांनी काढला नाही.

गुरुजींच्या जेवणाच्या पाळ्या दिवाळीच्या पुढे गेल्या. शेवटचं घर नायकाचं होतं. गोमतीबाईने बाजरीची भाकरी वाढली आणि आतून एक थैली आणून त्यांच्यासमोर ठेवली. लाल कापड, त्यावर पिवळा-निळा दोरा, बारीक आरसे. टाके आधी वाकडेतिकडे होते आणि पुढे सरळ होत गेले होते.

"बाईची हाय. तुमच्या खडूसाठी भरत होत्या. येवढा एक कोना राह्यला."

"तुम्ही पुरा करा ना," गुरुजी म्हणाले.

"मले जमते. पन टाका वेगळा दिसंन," गोमतीबाई म्हणाली. "जेवा. भाकर थंडी होऊन राह्यली."

गुरुजी जेवले. नायकाच्या नातवाची चांगली गोष्ट सांगितली आणि मागून चुगलीही सांगितली, कारण ती फारच रास्त होती. थैली घेऊन ते दारावरून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून खडू त्या थैलीत जाऊ लागले.

याला आता दोन पावसाळे झाले. शेषराव साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनाही तांड्याने आधी गूळ दिला आणि मग भाषणाला उभं केलं. ते पण कबूल झाले. रूपला अजून चौकटीत बसतो. त्याला आता पंधरापर्यंत पाढे येतात, तेही दोन्ही पायांवर.

नाल्यावरचा रपटा झालेला नाही. शाळेला दार नाही. थैलीचा एक कोपरा भरायचा राहिला आहे.